बावीसवर अडतीस

मे २०२५ मधली गोष्ट. धाकट्या मुलाच्या मोटारसायकलला ती नवी सरकारी नंबर प्लेट बसवून घ्यायची होती, म्हणून त्याच्या मागे बसून मी जवळ्याहून हिंगोलीला गेलो. खरे तर माझे तिथे काहीच काम नव्हते. नोंदणी त्याने मोबाईलवरून केलेली, तारीख आणि वेळ ठरलेली. तिथल्या पोराने जुने स्क्रू काढले, जुनी प्लेट मागे न पाहता कोपऱ्यात भिरकावली, नवी लावली, वरून दाबून कुलूप बंद केले आणि म्हणाला, "झालं काका." सगळे मिळून सात-आठ मिनिटे.

मी म्हटले, "बाबा, ती जुनी प्लेट मला दे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "काय करता तिचं? भंगारात दहा रुपये येणार नाहीत."

"जमवतो मी."

धाकट्याने मान दुसरीकडे वळवली. त्याला हे नवीन नाही, पण चारचौघांत अजून लाज वाटते. पोराने मात्र हसत हसत प्लेट उचलून दिली आणि वर म्हणाला, "अजून दोन पोती पडलीत मागं, बघायची का?" वाचकहो, पेढ्याच्या दुकानात सोडलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली. पण ऊन चढत होते आणि धाकट्याची मान अजून दुसरीकडेच होती. मी एकच घेऊन परत आलो.

लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटे जमवतात, त्यांना कोणी हसत नाही. मी गाड्यांच्या जुन्या नंबर प्लेटा जमवतो. आजमितीला एकशे छत्तीस आहेत. पूर्वी ज्या खोलीत ज्वारीची कोठी होती तिथे त्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. आमच्या सौ. त्या खोलीला "आरटीओ ऑफिस" म्हणतात. एक खबरदारी घेतो : प्लेट हाती आली की आकड्याच्या मधोमध खिळा ठोकून भोक पाडतो. जुनी प्लेट चोराच्या हाती पडली तर तिचा काय उपयोग होतो ते वर्तमानपत्रात वाचतोच आपण. त्याच कारणाने इथे कुठलाही पूर्ण नंबर लिहीत नाही.

हा नाद लागला १९८१ साली, आणि तोही शाळेमुळे. एक मुलगा कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत यायचा बंद झाला. त्याला बोलवायला त्याच्या घरी गेलो. म्हातारे आजोबा बाजेवर बसलेले. त्यांच्याशी बोलता बोलता माझी नजर कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. खुराड्याला दार म्हणून एक पत्रा लावला होता आणि त्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरे होती. पहिली दोन बी आणि एम, तिसरे गंजात गेलेले, पुढे आकडे. मी विचारले, हे काय? आजोबा म्हणाले, "सिद्धेश्वरच्या धरणावर मी मजुरीला होतो. तिथं गुत्तेदाराचा ट्रक मोडीत निघाला. त्याचा पत्रा हाय तो. लई जाड हाय, मुंगसाला भेदत नाही."

बी.एम. म्हणजे बॉम्बे. मुंबई इलाख्याच्या आणि नंतर मुंबई राज्याच्या गाड्यांचे नंबर या दोन अक्षरांनी सुरू होत. जुने कृष्णधवल हिंदी चित्रपट आठवून पाहा. नायिकेचे वडील ज्या लांबलचक मोटारीतून उतरतात, तिच्यावर बहुधा बी.एम. आणि तिसरे एखादे अक्षर दिसेल. तसला पत्रा आमच्या औंढा तालुक्यातल्या खुराड्यावर! मी दुसऱ्या दिवशी नवा पत्रा कापून नेऊन दिला आणि तो मागून घेतला. मुलगा त्यानंतर आठवड्याने शाळेत आला. पत्र्यामुळे आला की वेचणी संपल्यामुळे, हे विचारू नका.

त्या पत्र्याने मला विचारात पाडले. माझा जन्म हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरचा, म्हणजे हैदराबाद राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाचही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. घर तेच, विहीर तीच, आणि दहा वर्षांत मी तीन राज्यांचा रहिवासी. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येते आणि मुले पाठ करून विसरतात. पण तो पत्रा हातात घेऊन वर्गात उभा राहिलो तेव्हा मागच्या बाकावरची पोरेसुद्धा पुढे सरकली.

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. गाडीला नंबर लावायची युक्ती पॅरिसच्या पोलिसांची. १८९३ साली त्यांनी मोटारवाल्यांना तशी सक्ती केली. ब्रिटनमध्ये १९०३ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नंबर आला. आपल्याकडे देशपातळीवरचा पहिला मोटार कायदा १९१४ चा, तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. निजामाचे राज्य वेगळे, त्यामुळे आमच्या भागाला तो लागू नव्हता. मग १९३९ चा कायदा आला आणि तो पुढे पन्नास वर्षे चालला. या कायद्याच्या काळात नंबर म्हणजे तीन अक्षरे आणि जास्तीत जास्त चार आकडे. महाराष्ट्र झाल्यावर नव्या गाड्यांना एम ने सुरू होणारी अक्षरे मिळू लागली, गुजरातला जी. जुन्या गाड्यांनी मात्र आपले बी.एम. सोडले नाही, कारण एकदा दिलेला नंबर गाडी मोडेपर्यंत तिचाच. म्हणून तर राज्य मोडल्यावरही त्याची अक्षरे खुराड्यापर्यंत पोचली.

तीन अक्षरांच्या पद्धतीत एक खोट होती. अक्षरे पाहून गाडी कुठल्या जिल्ह्याची ते सामान्य माणसाला कळत नसे. ते ट्रकवाल्यांना, पोलिसांना आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनाच माहीत. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि सगळे चित्र बदलले. राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा आकडा, मग मालिकेचे अक्षर, मग चार आकडे. आपले एमएच आले ते तेव्हा.

भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगले साधन कुणी दिले नसते. मी मूळचा मराठी आणि इतिहासाचा, पण खेड्यातल्या शाळेत भूगोलही गळ्यात पडतोच. एमएचचे आकडे नकाशावर बोट ठेवून वाचत जा. १ ते ३ मुंबई. ४ ठाणे, तिथून कल्याण, पेण करत ८ ला रत्नागिरी. ९ ला घाट चढून कोल्हापूर, मग सांगली, सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. १५ नाशिक ते १९ जळगाव. मग मराठवाडा : २० औरंगाबाद, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ उस्मानाबाद, २६ नांदेड. पुढे २७ अमरावतीपासून वऱ्हाड, ३१ नागपूरपासून ३६ भंडाऱ्यापर्यंत विदर्भाचे टोक. समुद्राकडून निघालेला माणूस राज्य ओलांडून गोंडवनात पोचावा तसा हा क्रम आहे. ज्या कारकुनाने हे आकडे वाटले त्याच्यासमोर नकाशा होता हे नक्की.

आता औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. पाट्या बदलल्या, तिकिटे बदलली. गाड्यांवरचे २० आणि २५ तसेच आहेत. आकड्याला नामांतर नसते.

मुलांना मी बसस्थानकावर उभे करून गाड्या ओळखायला लावत असे. पण एसटीच्या बसवर सगळ्यांची फसगत व्हायची. हिंगोली आगाराची बस, आणि नंबर २० चा! कारण एसटीच्या गाडीचा नंबर आगाराचा नसतो, ती जिथे बांधली गेली तिथला असतो. चिकलठाण्याच्या कार्यशाळेतली २०, पुण्याजवळच्या दापोडीची १४, नागपूरच्या हिंगण्याची ४०. एका पोरीने हे ऐकून विचारले होते, "म्हंजी बसचं माहेर लिव्हलेलं असतंय, सासर नाही?" मी तिला दहापैकी दहा दिले असते, पण परीक्षेत हा प्रश्न नव्हता.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. १९८९ मध्ये आम्ही परभणी जिल्ह्यात, म्हणून २२. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आदल्या वर्षी वाशिम आणि नंदुरबार झालेले. नकाशाची वाट ३६ लाच संपली होती, त्यामुळे हे तिघे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले : वाशिम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९. म्हणजे मराठवाड्यातले सगळे जिल्हे विशीत आणि आम्ही एकटे विदर्भाच्याही पलीकडे. पंगतीत उशिरा आलेल्याला जिथे पान मिळेल तिथे बसावे लागते, तसे. सुरुवातीला पुण्या-मुंबईत अडतीस नंबरची गाडी पाहून लोक विचारत, ही कुठली बुवा? परभणीच्या पाहुण्यांना तर आम्ही परके झाल्यासारखे वाटे. पण गंमत पाहा, गावातल्या जुन्या गाड्या बावीसच्याच राहिल्या. एकाच वाड्यात थोरल्याची गाडी परभणीची आणि धाकट्याची हिंगोलीची.

या सगळ्या प्लेटा लिहिल्या कोणी? इथे मला एका माणसाबद्दल सांगायचे आहे. त्याचे नाव लिहीत नाही. गाव त्याला पेंटर म्हणे, मीही तेच म्हणतो. माझा विद्यार्थी. आठवीत दोनदा नापास झाला आणि शाळा सोडली. गणितात शून्य, पण अक्षर असे की फळ्यावरचा सुविचार मी रोज त्याच्याकडून लिहून घेत असे. शाळा सुटल्यावर त्याने ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, लग्नघराच्या भिंतीवरचे "शुभविवाह", निवडणुकीच्या भिंती, ट्रकच्या मागची झाडे आणि मोर, आणि गाड्यांच्या नंबर प्लेटा. साधारण १९८० पासून पुढची वीस-बावीस वर्षे आमच्या आणि आसपासच्या गावांतला नंबर त्याच्याच हातचा.

त्याचे काम मी पुष्कळदा बघत बसलो आहे. पत्रा घासून आधी अस्तराचा हात. तो उन्हात वाळवायचा. मग खडू लावलेला दोरा ताणून दोन रेघा उमटवायच्या. डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकवायचे आणि श्वास रोखून आकडा उतरवायचा. चुकले तर रॉकेलचे फडके तयार. नियमांच्या पुस्तकात दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरे ३५ मिलिमीटर आणि आकडे ४० मिलिमीटर उंच असावेत, जाडी ७ मिलिमीटर असावी, असे बारकाईने लिहिलेले आहे. पेंटरला हे कुणी सांगितले नव्हते. त्याचे माप आगपेटी. तिची रुंदी एवढे अक्षर, आकडा त्याहून थोडा उंच. निवृत्तीनंतर मी पट्टी घेऊन मोजून पाहिले. आगपेटीची रुंदी जवळजवळ ३५ मिलिमीटरच भरते!

त्याचा हात मी अंधारातही ओळखेन. त्याचा आठ म्हणजे लाडवावर ठेवलेला लाडू, दोन्ही गोल वेगळे काढून मग चिकटवलेले. दोनची मान बगळ्याची. सातच्या पोटात आडवी रेघ, ती त्याने कुठल्याशा परदेशी कॅलेंडरवरून उचलली होती. त्या काळच्या राजदूत आणि येझदी गाड्यांच्या पुढच्या मडगार्डवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी, वाकलेली प्लेट असे. ती दोन्ही बाजूंनी लिहावी लागे. तिच्या कमानीवर आकडे वळवत नेणे हे खरे कसब. चार आकडे कमानीत असे बसवायचे की पहिला उताणा पडू नये आणि शेवटचा पुढे लवू नये. तसली एक त्याच्या हातची माझ्याकडे आहे. कुठेही ठेवली तरी नजर तिच्याकडेच जाते.

त्याचा सगळ्यात बरकतीचा हंगाम आला २००१-०२ च्या सुमारास. तोवर खासगी गाडीची प्लेट काळी आणि अक्षरे पांढरी असत. भाड्याच्या गाडीची प्लेट पांढरी, अक्षरे काळी. नियम बदलला. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळे आणि भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे. मला तर फळा काढून वही दिल्यासारखे वाटले. गावातल्या प्रत्येक गाडीची प्लेट नव्याने रंगवायची होती. पेंटरच्या दारात रांग लागली. त्या वर्षी त्याने घरावर पत्रे टाकले.

आणि त्याच सुमारास त्याचा काळही आला. तालुक्याला रेडियमवाला आला. (त्या चमकणाऱ्या चिकटपट्टीत रेडियम औषधालाही नसते. मादाम क्यूरींचे नाव मी वर्गात काढले की पोरे विचारीत, नंबर प्लेटवालं रेडियम का सर? काय सांगणार!) यंत्र अक्षरे कापते, पोरगा चिकटवतो, पाच मिनिटांत नंबर तयार आणि रात्री चमकतोही. रेडियमबरोबर आकड्यांची सर्कसही वाढली. चार-एक-चार-एक असे आकडे वळवून "दादा", दोन-एक-चारचे "राम", चार-नऊ-एक-दोनचे "पवार", इंग्रजीतून वाचायचे तर आठ-शून्य-पाच-पाचचे "बॉस". पेंटरलाही लोक असे लिहून मागत. तो लिहून देई, पण वर डोके रेघ मारायला नकार देई. म्हणे, "रेघ मारली की आकडा मरतो सर, मग पोलीस मला धरतील." नियमही तेच सांगतो : अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय वळणाचे. मराठीत लिहिलेल्या प्लेटाही माझ्याकडे चार आहेत, दिसायला देखण्या आहेत. मी मराठीचा मास्तर, पण या बाबतीत नियमाच्या बाजूने. आदिलाबादच्या हवालदारालाही आपला नंबर वाचता आला पाहिजे.

आदिलाबादचे नाव निघाले म्हणून सांगतो. तिकडच्या प्लेटा माझ्या संग्रहाचे दुसरे दालन. नांदेडच्या भंगार बाजारातून मिळतात. आदिलाबादचा आकडा १. आधी एपी, २०१४ ला तेलंगण झाल्यावर टीएस आणि मार्च २०२४ पासून टीजी. दहा वर्षांत दोनदा बदल! तिकडच्या सरकारी बसच्या नंबरात झेड हे अक्षर असते. निजामाने आपली बससेवा सरकारला देताना आईच्या, झेहरा बेगमच्या, नावाचे अक्षर ठेवायची विनंती केली अशी आख्यायिका आहे. खरेखोटे देव जाणे, पण ज्या राज्यात माझ्या वडिलांनी सारा भरला त्याचे एक अक्षर नांदेडच्या रस्त्यावर अजून फिरताना दिसते.

जगात हा छंद करणारे मी एकटाच नाही बरे का. अमेरिकेत अशा संग्राहकांची संघटना १९५४ पासून आहे. तिकडे प्लेट राज्य सरकारच देते, त्यामुळे तिथे संग्रह करणे आपल्यापेक्षा सोपे. मला त्यांच्याकडची एकच गोष्ट हवीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली तेव्हा इलिनॉय राज्याने १९४३ साली सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या प्लेटा काढल्या. त्या जनावरे खाऊन टाकत! आमच्या हिंगोलीत सोयाबीन किती पिकते ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या शेळ्यांचे काय झाले असते, कल्पना करा.

हे विषयांतर झाले. असो.

नवी प्लेट, जिला एचएसआरपी म्हणतात, तिचा नियम मुळात २००१ चा. वर्षानुवर्षे तो कागदावरच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राज्यांचे कान धरले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती कारखान्याकडूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांची पाळी महाराष्ट्रात आता आली. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती, ती वाढत वाढत वर्षअखेरीपर्यंत गेली. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, बाकीच्यांना ७४५, वर जीएसटी. ॲल्युमिनियमचा पत्रा, आकडे दाबून उठवलेले, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचे चमकते चिन्ह, खाली लेसरने कोरलेला क्रमांक, निळ्या रंगात आयएनडी, आणि एकदा बसले की मोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. चोरीच्या गाड्यांना यामुळे आळा बसणार असेल तर चांगलेच आहे. मी तक्रार करत नाही. फक्त माझ्या खोलीत आता भर पडणार नाही. एकशे सदतिसावी प्लेट एकशे अडतिसाव्यासारखीच असेल, आणि दोन्ही जवळ्यात लिहिलेल्या नसतील.

पेंटर २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हा मातीलाही जाता आले नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर त्याचा मुलगा माझ्याकडे आला. तो फ्लेक्सचा धंदा करतो. वाढदिवसाचे शुभेच्छुक, श्रद्धांजली, दशक्रिया, सगळे त्याच्या संगणकातून निघते. चहा झाला तरी बोलेना. मग म्हणाला, "सर, बापूच्या हातचं काहीच राहिलं नाही." त्याने गावभर फिरून पाहिले होते. दुकानांच्या पाट्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या त्याच्याच फ्लेक्सने झाकल्या. भिंतींना नवे रंग लागले. शाळेच्या व्हरांड्यातला सुविचारही डिस्टेंपरखाली गेला. घरात वही नाही, पत्र नाही, लिहिणारा माणूस असून त्याने कधी कागदावर लिहिलेच नाही. "तुमच्याकडं प्लेटा हायत म्हणं. एखादी मिळाली तर फ्रेम करून लावीन."

मी त्याला खोलीत नेले. पेंटरच्या हातच्या म्हणून माझ्याकडे एकेचाळीस आहेत, त्या सगळ्या ओळीने मांडल्या. मनात म्हटले, ती कमानीची घेईल. घेतली असती तर वाईट वाटले असते, पण दिली असती. त्याने ती हातात घेतली, फिरवली, परत ठेवली. मग तो जिथे वाकला तिथे माझ्या पोटात खड्डा पडला.

ती प्लेट माझ्या संग्रहाचा मुकुटमणी आहे, आणि दिसायला सगळ्यांत रद्दी. पांढरी, एका जुन्या स्कूटरची. तिच्यावर एमएच ३८ लिहिले आहे. पण वरचा पांढरा रंग वर्षानुवर्षे उडत गेला आणि ३८ च्या खालून करडा २२ वर आला. दोन्ही आकडे एकदम वाचता येतात. हिंगोलीची गाडी, आणि सवयीने हाताने परभणी लिहिले! मग झाकून वर ३८ घातला. जिल्हा विभाजन मुलांना समजवायला मी हीच प्लेट नेत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे : पाहा, कागदावर जिल्हा एका दिवसात बदलतो, हाताला वेळ लागतो. आणि पुढे शिक्षकी शहाणपणाने हेही जोडत असे की, पेंटरने घाईत पांढरा हात पातळ मारला, म्हणून खालचा आकडा दिसतो.

मुलगा म्हणाला, "सर, ही माझी हाय."

"तुझी कशी?"

"मी सहा-सात वर्षांचा असंल. बापू लिहीत होते आन् मी बाजूला बसून सारखं विचारत होतो, हे काय, ते काय. त्या नादात त्यांनी बावीस टाकला. गाडीवाला तिथंच उभा. बापू माझ्यावर असे ओरडले की मी रडायला लागलो. मग त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला, ब्रश हातात दिला, म्हणले, तूच केलंस, तूच झाक. हा पांढरा हात माझा हाय सर. पहिल्यांदा ब्रश धरला मी त्या दिवशी. वाळल्यावर बापूंनी अडतीस काढला."

मी प्लेट खिडकीशी नेली. इतकी वर्षे पाहतोय, पण आता दिसले. पांढरा रंग एका बाजूला दाट, एका बाजूला नुसता ओढल्यासारखा, आणि कडेला बोटाएवढा ओघळ. पेंटरच्या हातून ओघळ कधीच सुटला नसता.

मी त्याला म्हटले, आठ दिवस दे. धाकट्याकडून सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले. पट्टीने मापे घेतली, वहीत नोंद केली. नोंदीत पातळ हाताचे कारण खोडून दुसरे लिहिले. रविवारी तो आला, तेव्हा प्लेट पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवली होती. त्याने तिथेच कागद सोडला आणि मांडीवर घेऊन बघत बसला. तीनच्या पोटात भोक होते. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"हे पण बापूनंच पाडलं का सर?"

"नाही रे," मी म्हटले. "ते माझं."